दुकानाच्या पाटीसाठी ‘मोदक’ घ्यावा की ‘बालू २’?

ठाणेकरीण (प्रश्न)

नमस्कार. माझी धाकटी बहीण ठाण्यात खेळणी, बालपुस्तके आणि शालेय साहित्य यांचे दुकान सुरू करीत असून दुकानाचे नाव ‘भिंगरी’ असे ठरले आहे. पाटी, कागदी पिशव्या, बिलबुक आणि संकेतस्थळ या सर्व ठिकाणी नावाचे रूप एकसारखे असावे आणि ते ठळक व गोलसर असावे, अशी तिची इच्छा आहे. स्वतंत्र अक्षरचित्रकाराकडून नाव काढून घेणे सध्या परवडणारे नसल्यामुळे मुक्त परवान्याच्या एखाद्या फाँटमधून हे साधावे, असा आमचा विचार आहे. मी स्वतः कार्यालयीन डीटीपीचे काम करते. परंतु त्यात मजकुराचे फाँट लागतात, शीर्षकाचे क्वचितच.

शोधाअंती ‘मोदक’ आणि ‘बालू २’ ही दोन नावे उरली आहेत. दोन्ही मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटाची निर्मिती आहेत आणि दोन्ही गूगल फाँट्सवर विनामूल्य मिळतात. घरातील सर्वांना पाहताक्षणी मोदक आवडला. मात्र नाव ए-४ कागदावर छापून भिंतीला लावले आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून पाहिले, तेव्हा ‘भिं’ हे अक्षर ओळखू येण्यास क्षणभर वेळ लागला. बालू २ स्पष्ट वाचता येतो, पण बहिणीच्या मते त्यात मोदकाची गंमत नाही. नावाखाली ‘खेळणी, पुस्तके आणि शालेय साहित्य’ ही ओळ यायची आहे आणि रोमन लिपीतही नाव लिहायचे आहे. या दोन फाँटांपैकी कोणता कोठे शोभतो, आणि पाटीसाठी मोदक घेतल्यास काय सांभाळावे लागेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बोरूबहाद्दर

ताई, आपल्या बहिणीला मोदक आवडला याचे नवल वाटत नाही, कारण देवनागरीत इतका लठ्ठ आणि तरीही इतका नेटका अक्षरसंच दुसरा दाखवणे कठीण आहे. पण हे दोन फाँट ठळक आणि गोल या दोन शब्दांखाली एकत्र येत असले, तरी त्यांची घडण मुळातच निरनिराळी आहे. ती घडण ध्यानात आली की कोणता कोठे चालेल याचा निर्णय बराचसा आपोआप होतो.

देवनागरीची पारंपरिक वळणे तिरक्या कापाच्या बोरूतून आलेली आहेत. बोरू एका दिशेने ओढला की रेघ जाड येते, दुसऱ्या दिशेने ओढला की बारीक येते, आणि या जाड-बारीकपणामुळे ‘भ’ची गाठ, ‘ग’चा काना, ‘र’चा पाय हे सारे अवयव एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात. बालू २ मध्ये हा फरक जवळजवळ पुसून टाकलेला आहे: रेघ बहुतेक ठिकाणी सारख्या जाडीची, टोके मऊ आणि वळणे मोकळी आहेत. तरीही अक्षराचा सांगाडा शाबूत आहे, म्हणजे रेघ कोठून निघाली आणि कोठे गेली हे डोळ्यांना कळते आणि अक्षराच्या आतील पोकळ्या पोकळ्याच राहतात. मोदकात रेघ हा प्रकारच उरलेला नाही. जणू प्रत्येक अक्षरात हवा भरली असून ते शेजाऱ्याला टेकेपर्यंत फुगले आहे, आणि पोकळ्यांच्या जागी फक्त बारीक फटी राहिल्या आहेत. वाचणारा काळ्या भागावरून नव्हे, या पांढऱ्या फटींवरून अक्षर ओळखतो. म्हणून फट दिसेनाशी झाली की मोदकातील अक्षर अस्पष्ट होऊन थांबत नाही, ते सरळ नाहीसे होते.

रोमन लिपीत अक्षर असे फुगवणे तुलनेने सोपे असते. तिथे मोठी अक्षरे सुटी, साध्या आकारांची आणि एकाच उंचीची असतात. देवनागरीत मात्र एकाच जागेत शिरोरेखा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरांचे अर्धे अवयव एवढे सगळे बसवायचे असते. जाडी वाढवत नेली की पहिला बळी गाठींचा आणि जोडाक्षरांचा जातो. ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ट्ठ’ यांसारख्या अक्षरांत तर पांढरे ठेवायला जागाच उरत नाही. म्हणून चांगला रचनाकार सर्वत्र सारखी जाडी देत नाही, तो सारख्या जाडीचा आभास निर्माण करतो: शिरोरेखा उभ्या दंडापेक्षा किंचित बारीक ठेवतो, दोन रेघा मिळतात तिथे खोबण काढतो, गाठ थोडी उघडतो. बालू २ चे एक्स्ट्रा बोल्ड वजन (वजन म्हणजे फाँटच्या जाडीचा प्रकार) मोठे करून पाहिल्यास ही काटकसर कोठे कोठे केली आहे ते तपासण्यासारखे आहे.

आता आपले नाव घेऊ. ‘भिंगरी’ या तीन अक्षरांत ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार आणि दीर्घ वेलांटी असे तीन अवयव शिरोरेखेच्या वर येतात, आणि खाली उकार एकही नाही. म्हणजे शब्दाचा सगळा भार डोक्यावर आहे. त्यातही ‘भिं’मध्ये वेलांटीची कमान ‘भ’वरून जाऊन तिच्या टोकाशी अनुस्वाराचा ठिपका येतो, आणि लठ्ठ फाँटमध्ये ही दोन्ही शेजारी सर्वाधिक दाटी करतात. आपल्याला खोलीच्या पलीकडून जे अक्षर अडले, ते योगायोगाने अडलेले नाही. ‘ग’ आणि ‘री’ यांच्या बाबतीत मला फारशी चिंता वाटत नाही.

माझे मत असे की नाव मोदकात आणि उरलेले सर्व बालू २ मध्ये ठेवावे. मोदकाला एकच वजन आहे आणि तो एका शब्दासाठी, फार तर दोन शब्दांसाठी, मोठ्या आकारात वापरायचा फाँट आहे. बालू २ ला रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच वजने आहेत. त्यामुळे पाटीची दुसरी ओळ, पिशवीवरचा पत्ता, संकेतस्थळावरील वस्तूंची नावे हे सारे तो सांभाळू शकतो. बिलबुकातील बारीक मजकुरासाठी मात्र बालूदेखील नको. त्याच गटाचा मुक्ता हा साधा फाँट त्या कामाला पुष्कळ बरा.

‘शालेय’ या शब्दाविषयी एक सूचना. शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण मानले आहेत, तर हिंदीत यांची वेगळी रूपे चालतात. अनेक फाँटांत दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली तरच मराठी रूप पुढे येते. त्यामुळे संकेतस्थळाच्या पानावर आणि आपल्या डीटीपीच्या प्रणालीत भाषा मराठी निवडून मगच ‘शालेय’ कसे उमटते ते पाहावे.

रंगारी कोल्हापूर

मी पाट्यांच्या व्यवसायात आहे, त्यामुळे फाँटच्या सौंदर्याविषयी बोलण्याचा अधिकार बोरूबहाद्दरांचाच. मी फक्त तो पत्र्यावर आणि अॅक्रिलिकवर उतरतो तेव्हा काय होते ते सांगतो.

मोदकाच्या फटींचे एक गणित करता येते. निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा दिसतो. याचा अर्थ, १० मीटरवरून सुमारे ३ मिलिमीटरपेक्षा बारीक फट दिसत नाही आणि २० मीटरवरून सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा बारीक दिसत नाही. ही मर्यादा उत्तम प्रकाशातली आणि उत्तम नजरेची आहे. धावत्या रिक्षातून पाहणाऱ्यासाठी ती दुप्पट धरावी. तुमची पाटी रस्त्याच्या पलीकडून वाचली जावी अशी अपेक्षा असेल, तर ते अंतर मोजा, पाटीवर नाव ज्या आकारात येणार त्या आकारात ‘भिं’ची सर्वांत बारीक फट मोजा, आणि मगच मोदकाला होकार द्या. फट कमी पडत असेल तर नाव मोठे करावे लागेल किंवा फाँट बदलावा लागेल. रंग बदलून हा प्रश्न सुटत नाही.

रंगाचा प्रश्न निराळा आहे. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अथवा पिवळी अक्षरे असतील आणि आतून दिवे असतील, तर उजेड पसरून फटी आणखी बुजतात. दिवसा वाचता येणारी मोदकातील पाटी रात्री दिवे लागल्यावर वाचता येत नाही, असे होऊ शकते. तुम्हाला दिव्यांची पाटी करायची असेल तर अक्षरे उजळण्याऐवजी मागून भिंतीवर उजेड पाडणारी रचना मोदकाला अधिक मानवते. बालू २ च्या बोल्ड वजनात ही भीती जवळजवळ नाही, कारण दंडाची जाडी एलईडीची पट्टी बसण्याइतकी असते आणि पोकळ्याही मोकळ्या राहतात.

कापकामाच्या दृष्टीने गोल टोकांचे फाँट आम्हाला सोयीचे असतात. राउटरचे, म्हणजे अक्षरे कापणाऱ्या यंत्राचे, पाते गोल फिरत असल्यामुळे त्याला आतला कोपरा धारदार काढताच येत नाही. टोकदार फाँट दिला तर कोपरे कानसने साफ करावे लागतात, आणि गोल फाँटमध्ये पात्याची गोलाई रचनेतच मुरून जाते. देवनागरीचा आणखी एक फायदा असा की शिरोरेखेमुळे संपूर्ण शब्द एकाच तुकड्यात कापता येतो. सुटा राहतो तो अनुस्वार. ‘भिंगरी’तला ठिपका वेगळा कापून वेगळा बसवावा लागेल, आणि तो सरकला तर संपूर्ण नाव वाकडे दिसेल, म्हणून कारागिराला मूळ आकाराचा कागदी नमुना द्या आणि ठिपका त्या नमुन्यावरूनच बसवायला सांगा. मोदकाच्या फटी पात्याच्या व्यासापेक्षा बारीक असतील तर राउटर त्या कापणारच नाही, तो भाग भरीव सोडून देईल. हे नमुना पाहतानाच विचारून घ्यावे.

पिशव्यांचे काय करणार ते तुम्ही लिहिलेले नाही. खरबरीत तपकिरी कागदावर स्क्रीन प्रिंटिंग होणार असेल तर शाई कडेने पसरते. तिथे मोदकातील नाव तळहाताएवढे तरी ठेवा.

जुना मुद्रितशोधक

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, तथापि मूळ निवडीविषयीच मला शंका उपस्थित करावीशी वाटते. लहान मुलांचे काहीही असो, ते गोलमटोल आणि जाड अक्षरांत लिहायचे, ही आता सवय होऊन बसली आहे. बालवाडी, खाऊ, चित्रपुस्तक आणि मुलांची औषधे या सर्वांच्या पाट्या व वेष्टने एकमेकांशेजारी ठेवली तर कोणती कशाची हे नाव झाकल्यावर सांगता येणार नाही. ज्या फाँटमुळे आपण वेगळे दिसू असे वाटते, तो विनामूल्य असल्यामुळे शेजारच्या दुकानालाही तितकाच उपलब्ध असतो. मराठी रंगभूमीच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी नाटकांची नावे कशी घडवली ते पाहावे: तिथे त्या नाटकाच्या स्वभावातून अक्षर येई, अगोदरच तयार असलेल्या साच्यातून नव्हे. भिंगरी ही फिरणारी, हलकी, चपळ वस्तू आहे, आणि मोदक हा दृश्यतः जागचा न हलणारा फाँट आहे. नाव आणि रूप यांत हा विरोध मला खटकतो.

बोरूबहाद्दर

मुद्रितशोधकांचा शेवटचा मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे आणि तो मी माझ्या उत्तरात लिहायला हवा होता असे कोणी म्हणेल, परंतु पहिल्या मुद्द्याशी मी सहमत नाही. गोल आणि ठळक म्हणजे बालिश, हे समीकरण अलीकडचे आणि अर्धवट आहे. शिकागोच्या ऑस्वल्ड कूपर यांचा कूपर ब्लॅक १९२२ साली बाजारात आला तो मुलांसाठी नव्हे, तर जाहिरातीच्या गर्दीत उठून दिसण्यासाठी; आणि गेली शंभर वर्षे त्याने किराणा मालापासून गाण्यांच्या तबकड्यांपर्यंत सर्व काही विकले आहे. फोक्सवॅगनने १९७९ च्या सुमारास व्हीएजी राउंडेड हा गोल टोकांचा अक्षरसंच करवून घेतला, तो मोटारींच्या विक्रेत्यांसाठी. गोलाई मुळात जवळीक सुचवते. ती खेळण्यांच्या दुकानाला जितकी योग्य, तितकीच दवाखान्याच्या प्रतीक्षागृहालाही योग्य असते, आणि न्यायालयाच्या नोटिशीला अयोग्य असते.

सवयीवरचा उपाय फाँट टाकून देणे हा नाही. एक टाइपच्या या दोन्ही फाँटांचा परवाना एसआयएल ओपन फाँट लायसन्स आहे. त्यात व्यावसायिक वापराला आणि बदल करण्याला मुभा आहे. नुसता फाँट स्वतंत्रपणे विकायचा नाही, एवढी मुख्य अट. अक्षरे एकदा बाह्यरेषेत बदलून घेतली की तो शब्द हे चित्रच असते आणि त्यावर हवे ते संस्कार करता येतात. चपळपणा हवा असेल तर ‘री’ची दीर्घ वेलांटी मूळ वळणापेक्षा थोडी लांबवून मागे ‘ग’वर झुकवता येईल, किंवा अनुस्वाराचा ठिपका भिंगरीच्या चकतीत बदलता येईल. दोन्ही एकदम करू नयेत. ठिपका बदलण्याचा विचार मला अधिक बरा वाटतो, कारण त्याच्याभोवती थोडी मोकळी जागा आपोआप निर्माण होते, ‘भिं’ची दाटी कमी होते आणि ठिपका लहान आकारात पुन्हा साधा करता येतो.

ठाणेकरीण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चकतीची कल्पना बहिणीला फार आवडली. रस्त्याचे अंतर मोजले, ते १४ मीटर आहे, आणि पाटीवर नावाला जी जागा आहे तिच्यात ‘भिं’ची बारीक फट ५ मिलिमीटरच्या थोडी वर येते. रंगारी यांच्या हिशेबाने पायी जाणाऱ्याला हे पुरेल, वाहनातून जाणाऱ्याला पुरणार नाही, असे मी समजते. मागून उजेडाची रचनाच करू.

एक नवी अडचण आली आहे. नावाला पांढरी कड दिली की प्रत्येक दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेखेवर एक उभी रेघ उमटते. तसेच फटी मोठ्या दिसाव्यात म्हणून अक्षरांतील अंतर वाढवले, तर शिरोरेखा तुटते. हा फाँटचा दोष आहे का?

अक्षरजुळारी

हा दोष नाही. देवनागरीचे फाँट असेच घडवलेले असतात. प्रत्येक अक्षर शिरोरेखेचा स्वतःचा तुकडा बरोबर घेऊन येते आणि हे तुकडे शेजारच्या अक्षरात किंचित शिरून एकसंध रेघ भासवतात. काळ्या भरीव रंगात ही शिवण दिसत नाही, पण अशी कड दिली किंवा रंग अर्धपारदर्शक केला की प्रत्येक तुकड्याची सीमा उघडी पडते. यासाठी मजकूर आधी बाह्यरेषेत बदलावा, मग कोरलड्रॉ वापरत असल्यास ‘वेल्ड’ आणि इलस्ट्रेटर वापरत असल्यास पाथफाइंडरमधील ‘युनाइट’ ही आज्ञा देऊन सर्व तुकडे एकजीव करावेत, आणि त्यानंतरच पांढरी कड द्यावी. बालू २ ची व्हेरिएबल (सर्व वजने एकाच फाइलमध्ये असलेली) आवृत्ती घेतल्यास एकाच अक्षराच्या आतही असे एकमेकांवर आलेले भाग आढळू शकतात, उपाय तोच.

अक्षरांमधले अंतर वाढवू नये. गोल टोकांच्या फाँटमध्ये तर मुळीच नको, कारण शिरोरेखेची गोलाई शब्दाच्या आरंभी आणि शेवटी शोभते, मध्येच आली तर शब्द कुरतडल्यासारखा दिसतो. फटी मोठ्या हव्या असतील तर शब्द एकजीव केल्यावर आतल्या पोकळ्यांच्या कडा निवडून त्या अर्ध्या मिलिमीटरने सरकवता येतात. हे काम पाटीच्या आकारात करावे, आणि पिशवीसाठी वेगळी प्रत ठेवून तिच्यात फटी आणखी उघडाव्यात. एकच चित्र सर्व आकारांत लहानमोठे करीत राहिल्यास सर्वांत लहान आकार हमखास बुजतो.

संकेतस्थळावर दोन गोष्टी पाहाव्यात. मोदकाला एकच वजन असल्यामुळे तो मथळ्याला लावला की ब्राउझर मथळा ठळकच असायचा या समजुतीने कृत्रिम जाडी चढवतो, आणि होत्या नव्हत्या फटीही भरून निघतात. म्हणून त्या मथळ्याचे वजन साधे असे स्पष्टपणे नोंदवावे. दुसरे असे की बालू २ ची ओळ स्वभावतःच उंच असते, त्यामुळे बटणांवर मजकूर मध्यभागी बसल्यासारखा वाटत नाही. तो ओळीची उंची कापून बसवू नये, कारण मग ‘णी’च्या वेलांटीचा माथा छाटला जातो, वरखालची मोकळी जागा कमीजास्त करून बसवावा.

रोमन नावाविषयी कोणी लिहिले नाही. दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर मराठी नाव देवनागरीत आणि आरंभी असणे आवश्यक आहे, आणि त्याची अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. येथे पॉइंटचा, म्हणजे संगणकात निवडलेल्या अक्षर-आकाराचा, आकडा फसवा ठरतो. एकाच आकड्याला रोमन मोठी अक्षरे शिरोरेखेपासून पायापर्यंतच्या देवनागरी अक्षरापेक्षा उंच निघू शकतात. म्हणून दोन्ही ओळी अंतिम आकारात काढून पट्टीने सेंटिमीटरमध्ये मोजाव्यात. देवनागरीची उंची मोजताना वेलांट्या धरू नयेत, शिरोरेखेपासून खालचाच भाग धरावा, म्हणजे वाद उद्भवत नाही. रोमन नावासाठी मोदकाचीच रोमन अक्षरे न घेता बालू २ चे मीडियम वजन घ्यावे, असे मी सुचवीन, कारण पाटीवर दोन लठ्ठ शब्द एकाखाली एक आले की दोन्ही एकमेकांची जागा खातात.

ठाणेकरीण

वेल्ड केल्यावर उभ्या रेघा गेल्या. रोमन ओळ खरोखरच देवनागरीपेक्षा उंच निघाली. ती आता लहान करून बालू २ मध्ये घेतली आहे. कारागिराला राउटरच्या पात्याचा व्यास विचारला, तो ३ मिलिमीटर आहे, म्हणजे पाटीवरील फटी कापल्या जातील. नमुना उद्या त्याच्याकडे पाठवीत आहे.